डोंबिवलीत नवीन राहायला आलात? पहिल्या वर्षात काय घालायचं, कुठे जायचं आणि ओळखी कशा होतात

मी मूळची अकोल्याची. २०१२ च्या पावसाळ्यात नोकरीमुळे डोंबिवलीत आले, ईस्टला मानपाडा रोडच्या आत एका बिल्डिंगमध्ये घर घेतलं भाड्याने, आणि पहिले चार महिने माझी ओळख कोणाशी तर दूधवाले दादा आणि समोरच्या काकू, बस. सकाळी लोकल, रात्री लोकल, रविवारी कपडे धुवायचे आणि झोपायचं. दिवाळीला रजा मिळाली नाही म्हणून गावी जाता आलं नाही, आणि पहिल्या आंघोळीच्या दिवशी उजाडायच्या आत काकूंनी बेल वाजवली, म्हणाल्या अगं एकटी काय बसलीस घरात, आंघोळ कर, साडी नेस आणि चल फडके रोडला. त्या एका सकाळी मला जितकी माणसं भेटली तितकी आधीच्या चार महिन्यांत भेटली नव्हती.

आता आमच्या बिल्डिंगमध्ये दर वर्षी दोन-तीन नवीन कुटुंबं येतात, कोणी नांदेडहून, कोणी धुळ्याहून, कोणी दादरचं घर सोडून, आणि सगळ्यांचे प्रश्न तेच असतात की इथे काय घालून जातात, कधी जायचं, आम्हाला कोणी ओळखत नाही तर चालेल का. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते. क्रम सणांचा नाही ठेवला, सोप्यापासून सुरू केलंय.

आधी कपाट उघडा, बाजारात नंतर जा

नवीन आलेल्यांची पहिली चूक म्हणजे खरेदी. कुणाच्या तरी स्टेटसला पैठणी बघितली की आपल्याकडे पैठणी नाही म्हणून वाईट वाटतं आणि मग घाईत भलतीच महाग साडी घेतली जाते. पहिल्या वर्षाला बायकांना तीन-चार गोष्टी पुरतात: एक काठापदराची साडी (इरकल, नारायणपेठ, काहीही, आईची जुनी असेल तर उत्तमच), एक कॉटनची साडी किंवा चांगला कुर्ता, एक काळं काहीतरी संक्रांतीसाठी, आणि एक खणाचं ब्लाऊज. हे खणाचं ब्लाऊज मी मुद्दाम सांगते कारण ते कुठल्याही साध्या एकरंगी साडीवर घातलं की साडी सणाची वाटायला लागते, आणि खर्च एका ब्लाऊजपीसचा आणि शिलाईचा. पुरुषांना एक सुती झब्बा, एक लेंगा आणि वाटलंच तर एक उपरणं, झालं काम.

माझं ठाम मत आहे आणि ते मी सगळ्यांना सांगते, की कपडे असे घाला की तुम्हाला तिथे थांबता आलं पाहिजे. चालता आलं पाहिजे, सतरंजीवर मांडी घालून बसता आलं पाहिजे, कुणाचं लहान मूल उचलून घेता आलं पाहिजे. कारण ओळखी होतात त्या थांबल्यामुळे. ज्याला चप्पल चावतेय किंवा जिच्या निऱ्या सुटतायत ती व्यक्ती अर्ध्या तासात घरी जाते, आणि खऱ्या गप्पा तर अर्ध्या तासानंतर सुरू होतात.

सगळ्यात सोपी सुरुवात: नवरात्र आणि लोकलचा डबा

नोकरीवाल्या बायकांनी इथून सुरू करावं. नवरात्रात नऊ दिवस नऊ रंग असतात आणि सकाळी डोंबिवली स्टेशनवर उभं राहिलात तर पूर्ण लेडीज डबा एका रंगाचा दिसतो, आधी कधी बघितलं नसेल तर डोळे भरून बघण्यासारखं आहे. रंग वारावरून ठरतात, सोमवार पांढरा, मंगळवार लाल, बुधवार निळा, गुरुवार पिवळा, शुक्रवार हिरवा, शनिवार राखाडी, रविवार केशरी, आणि उरलेल्या दोन दिवसांना गुलाबी, जांभळा, मोरपंखी यातले येतात. पेपरात यादी छापून येते त्यामुळे पाठ करायची गरज नाही. नऊ साड्या लागत नाहीत! ओढणी त्या रंगाची असली तरी पुरे, नुसत्या बांगड्या असल्या तरी शेजारची बाई बघून हसतेच.

रोज एकच लोकल आणि एकच डबा पकडा, हे महत्त्वाचं. दसऱ्याच्या आधीच्या कामाच्या दिवशी डब्यात झेंडूची तोरणं लावतात, पूजा करतात, पेढे वाटतात, त्यासाठी आठवडाभर आधी थोडी वर्गणी काढतात. कुणी वर्गणी मागितली की आनंदाने द्या आणि विचारा की मी काय आणू. मी एका वर्षी स्टेशनबाहेरून दोन किलो झेंडू नेला होता आणि तिथे ज्या दोघींबरोबर बसून हार ओवले त्या आजही माझ्या सगळ्यात जवळच्या मैत्रिणी आहेत. फक्त गर्दीच्या लोकलला सिल्कची साडी नेसू नका, चढता उतरताना पदर अडकतो. पदर पुढे घेऊन कमरेला खोचा, पिन लावा, आणि गजरा चढायच्या आधी माळू नका, ऑफिसला पोचल्यावर माळा, नाहीतर ठाण्यापर्यंत त्याचा चुरा होतो.

फडके रोडची दिवाळी

हे नीट सांगते कारण डोंबिवलीचं मन इथे आहे असं मला वाटतं. ईस्टला स्टेशनजवळून जो रस्ता गणेश मंदिराकडे जातो तो फडके रोड. नरक चतुर्दशीला घरोघरी अभ्यंगस्नान होतं, कारीट फोडतात (आमच्याकडे अकोल्याला हे नव्हतं, मी पहिल्यांदा इथे बघितलं, ते छोटं कडू फळ तुळशीसमोर पायाच्या अंगठ्याने चिरडायचं), आणि मग सगळे गणपतीच्या दर्शनाला जातात. दर्शन झालं की लगेच घरी कोणी जात नाही. शाळा-कॉलेजची जुनी मंडळी, लग्न होऊन पुण्या-ठाण्याला गेलेल्या मुली, परदेशातून सुट्टीवर आलेले, सगळे त्या एका रस्त्यावर उभे राहून एकमेकांना भेटतात. कोणी आमंत्रण देत नाही, तिकीट नाही, पास नाही. आणि अगदी तरुण पोरंपोरीसुद्धा नऊवारी, धोतर, झब्बा घालून येतात, कोणी सांगितलेलं नसताना.

कधी निघायचं? उजाडता उजाडता निघा. सात-साडेसातनंतर मंदिराची रांग वाढते आणि आठच्या पुढे रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. वाहनं आत सोडत नाहीत, त्यामुळे रिक्षाने आलात तर आधीच उतरून चालत जायचं आणि स्वतःची गाडी अजिबात काढू नका. वेस्टला राहत असाल तर पूल चढून चालत या, दहा मिनिटांचं काम आहे.

काय घालायचं ते आता सविस्तर.

साडी नेसायची असेल तर परकराची नाडी घट्ट बांधा पण श्वास घेता येईल इतकी. निऱ्यांना एक मोठी पिन आतून, खांद्याला एक, आणि पर्समध्ये चार पिना जास्तीच्या, त्या तुम्हाला नाही लागल्या तर दुसरीला लागतात आणि ओळख करून घ्यायचा याहून चांगला मार्ग मला माहीत नाही. साडी घोट्यापर्यंत नेसा, जमिनीला टेकवू नका, रस्त्यावर फुलांचा, तेलाचा, रांगोळीचा सगळा कचरा असतो. नऊवारी नेसायची हौस असेल आणि नेसता येत नसेल तर शिवलेली नऊवारी मिळते, ती पायजम्यासारखी घालायची, त्यात कमीपणा काही नाही. पण एकदा तरी कुणा मावशी-काकूंकडून खरी नऊवारी नेसून घ्या. आठ मीटरच्या आसपास कापड असतं, कासोटा नीट बसला की त्यात धावता येतं, फुगडी घालता येते, जिना चढता येतो, सहावारीपेक्षा मोकळं वाटतं. आपल्या आज्या-पणज्या शेतात उगाच नऊवारीत काम करत नव्हत्या.

दागिने मोजके. नथ, ठुशी किंवा तन्मणी यातलं एक, कानात कुड्या, हातात बांगड्या, चंद्रकोर लावायची तर छोटी. नाक टोचलेलं नसेल तर दाबाची नथ मिळते, पण आदल्या दिवशी घरी तासभर लावून बघा, काहींना फार दुखते आणि मग सकाळभर लक्ष तिकडेच. खरं सोनं घालून गर्दीत जाऊ नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. गर्दीत चेन गेली की सणाचा दिवस पोलीस चौकीत जातो, माझ्या ओळखीत असं झालंय.

चप्पल! नवी कोल्हापुरी पहिल्यांदा त्या दिवशी घालू नका, चावतेच. पंधरा दिवस आधी आणा, आतून पट्ट्यांना खोबरेल तेलाचा हात फिरवा, रात्रभर ठेवा आणि मग रोज घरातल्या घरात अर्धा तास घालून फिरा, चामडं पायाच्या आकाराला येतं. पाण्यात भिजवू मात्र नका. आणि मंदिराबाहेर शेकडो कोल्हापुरी असतात सगळ्या सारख्या दिसणाऱ्या, तुमच्या चपलेला आतून एक रंगीत धागा बांधून ठेवा.

पुरुषांसाठी: धोतर नेसता येत नसेल तर शिवलेलं धोतर घ्या, पण त्याला खिसा आहे ना ते बघून घ्या, नाहीतर मोबाइल, पाकीट, किल्ली सगळं बायकोच्या पर्समध्ये आणि ती बिचारी सकाळभर ओझं सांभाळते. झब्बा सुती असू द्या. ऑक्टोबर-नोव्हेंबरला सकाळी गार वाटतं पण नऊ वाजता त्या गर्दीत सिल्कचा झब्बा पाठीला चिकटतो.

एकटे जाताय? जा. खरंच जा. गर्दीत फोन नीट लागत नाही म्हणून कुणाला भेटायचं ठरलं असेल तर जागा आणि वेळ आधीच ठरवा, "मंदिराजवळ" असं म्हणू नका, अमुक दुकानाच्या पायरीवर साडेसातला असं ठरवा. आणि कुणीच ओळखीचं नसेल तर कुणाचा तरी ग्रुप फोटो काढून द्या. दहा जण एकमेकांना खेटून उभे असतात आणि फोटो काढायला एक माणूस कमी पडत असतो, तो तुम्ही व्हा. "मी काढू का" एवढं म्हटलं की पुढचा प्रश्न येतोच, तुम्ही ईस्टचे की वेस्टचे? डोंबिवलीत ओळखीची सुरुवात या प्रश्नाने होते. उत्तर देऊन थांबू नका, नवीन आहोत हे स्पष्ट सांगा. नवीन माणूस म्हटलं की डोंबिवलीकर लगेच सांगायला लागतो की भाजी कुठून घ्यायची, डॉक्टर कोण चांगला, पाणी कुठल्या वारी येत नाही. ते ऐकून घ्या, सगळं उपयोगी असतं.

संक्रांतीचं हळदीकुंकू

इथे नवीन मुली सगळ्यात जास्त घाबरतात कारण आत बसायचं असतं, चारचौघीत. संक्रांत ते रथसप्तमी या काळात सोसायटीत रोज कुणाकडे तरी बोलावणं असतं आणि बोलावणं म्हणजे कधी व्हॉट्सअ‍ॅप, कधी नुसतं जिन्यात "आज या हं संध्याकाळी". जिन्यातलं बोलावणंसुद्धा खरं असतं. तुम्ही गेला नाहीत तर दुसऱ्या दिवशी विचारतात का नाही आलात म्हणून.

कपडे काळे. एरवी सणाला काळं टाळतात पण संक्रांत थंडीतली म्हणून काळं चालतं, चालतं काय, हौसेने घालतात. काळी साडी नसेल तर काळा कुर्ता आणि त्यावर खणाची ओढणी, सुंदर दिसतं. नवीन लग्न झालेलीला आणि पहिल्या वर्षाच्या बाळाला हलव्याचे दागिने घालतात, ते तयार मिळतात, पण बाळाला घालणार असाल तर टोचणारा हलवा त्वचेला लागू देऊ नका, खाली मऊ सुती झबलं घाला.

गेल्यावर काय होतं तर हळदकुंकू लावतात, अत्तर, गुलाबपाणी, तिळगूळ देतात, ओटीत ऊस-हरभरे-बोरं घालतात आणि वाण देतात, म्हणजे एखादी उपयोगाची वस्तू, वाटी, चाळणी, रुमाल असं काही. पर्समध्ये एक कापडी पिशवी ठेवा कारण एका संध्याकाळी चार घरं केलीत की हात भरतात. वाण तिथेच उघडून बघू नका, आणि दोन मिनिटांत पळूही नका, बसा, पाणी प्या, घरातल्या आजींशी दोन वाक्यं बोला. आजींशी बोलणारी मुलगी पूर्ण मजल्याच्या लक्षात राहते.

तुमच्याकडे हळदीकुंकू करायची वेळ आली की एक गोष्ट करा अशी माझी मनापासून इच्छा आहे. बिल्डिंगमधल्या सगळ्या बायकांना बोलवा. नवरा गेलेल्या काकूंना, लग्न न केलेल्या ताईंना, घटस्फोट झालेलीला, सगळ्यांना. आमच्या समोरच्या त्याच काकू, ज्यांनी मला पहिल्या दिवाळीला बाहेर काढलं, त्यांचे मिस्टर गेल्यावर पुढच्या संक्रांतीला त्यांना कुणी बोलावलं नाही. त्या दार लावून बसल्या होत्या. मी आणि वरच्या मजल्यावरच्या वहिनी त्यांच्याकडे जाऊन त्यांना घेऊन आलो, खुर्चीवर बसवलं आणि कुंकू लावलं, दोन-तीन जणी गप्प झाल्या पण कुणी उठून गेलं नाही. आता आमच्या बिल्डिंगमध्ये निरोपच "सगळ्या या" असा जातो. तुम्ही नवीन आहात, तुम्हाला जुन्या रुसव्या-फुगव्यांचं ओझं नाही, तुम्हाला हे सहज करता येईल. आणि तुम्ही दुसऱ्या धर्माच्या असाल किंवा कुंकू नको असेल तर हसून "मला नुसता तिळगूळ द्या" म्हणा, कुणाला राग येत नाही.

पाडव्याची स्वागतयात्रा

गुढीपाडव्याची नववर्ष स्वागतयात्रा डोंबिवलीत १९९९ साली गणेश मंदिर संस्थानच्या पुढाकाराने सुरू झाली आणि मग ठाणे, गिरगाव अशी सगळीकडे गेली. इथले लोक हे अभिमानाने सांगतात, तुम्हालाही पहिल्याच वर्षी तीनदा तरी ऐकायला मिळेल. ढोल-ताशे, लेझीम, चित्ररथ, शाळा, योगाचे वर्ग, सायकलवाले, सगळे असतात.

बघायला उभं राहण्यापेक्षा चालायला जा. पाडव्याच्या तीन-चार आठवडे आधी चौकशी करा, एखादं मंडळ, वाचनालय, ट्रेकिंगचा ग्रुप, सोसायट्यांचा गट कुणाचा तरी रथ असतोच आणि त्यांना हात हवे असतात. ढोल पथकात जायचं तर त्याचा सराव खूप आधी सुरू होतो, तेव्हा लवकर विचारा.

ऊन लक्षात घेऊन कपडे करा, मार्च-एप्रिल आहे आणि दोन-तीन तास चालणं आहे. कॉटनची नऊवारी, पायात मागे पट्टा असलेली चप्पल (नुसती कोल्हापुरी लांब चालायला सगळ्यांना झेपत नाही), पाण्याची बाटली, आणि फेटा बांधून घेणार असाल तर आधी भरपूर पाणी प्या. फेट्याला आठ-नऊ मीटर कापड लागतं, डोकं तापतं. बांधणारे त्या सकाळी असतात पण रांग लागते, तासभर आधी जा. फेटा ओला करून बांधू नका, सैल वाटला तर पुन्हा बांधून घ्या, पिना खुपसत बसू नका. नऊवारी नेसून बुलेट चालवणाऱ्या मुलींचे फोटो सगळीकडे येतात, चालवायची तर खुशाल चालवा, पण कासोटा आणि पदर दोन्ही पक्के खोचा, चेनपासून लांब ठेवा, आणि यात्रेपर्यंत जाताना-येताना हेल्मेट घाला, फेटा तिथे पोचल्यावर बांधता येतो. ह्यावर माझं बऱ्याच जणींशी वाजलंय तरी मी सांगतच राहणार.

बाकीच्या संध्याकाळी

सण नसले तरी सावित्रीबाई फुले नाट्यगृह आहे, एमआयडीसीच्या बाजूला घरडा सर्कलजवळ. तिथे साधे पण इस्त्रीचे कपडे पुरतात, जास्त वाजणाऱ्या बांगड्या आणि पैंजण नकोत, आणि मोबाइल खरंच बंद करा. मध्यंतरात बटाटेवड्याच्या रांगेत शेजारच्याला नाटक कसं वाटतंय एवढं विचारा. इथला प्रेक्षक नाटकावर भरभरून बोलतो. २०१७ ला इथे साहित्य संमेलन झालं होतं, वाचणारं-बघणारं गाव आहे हे.

लग्नाचं आमंत्रण आलं तर पत्रिकेत आहेर आणू नये असं लिहिलंय का ते बघा, लिहिलं असेल तर नेऊ नका. मुहूर्ताच्या आधी पोचा, अक्षता टाकायला.

घरी आल्यावर

साडी लगेच घडी करून कपाटात कोंबू नका, रात्रभर दोरीवर सावलीत वाऱ्याला टाका. जरीची असेल तर घरी धुवू नका, मलमलच्या किंवा जुन्या सुती कापडात गुंडाळा, डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नका आणि दोन-तीन महिन्यांनी घडी बदला, नाहीतर घडीवर साडी फाटते. खोटे दागिने पुसून वेगवेगळ्या डबीत ठेवा.

मग शांत बसून आज कोण कोण भेटलं त्यांची नावं फोनमध्ये लिहा, "फडके रोड, निळी साडी, रामनगर, मुलगा दहावीला" असं काहीही, पुढच्या वेळी मुलाची परीक्षा कशी झाली हे विचारता आलं की ती ओळख पक्की झाली समजा. कुणी "या एकदा घरी" म्हणालं असेल तर आठ दिवसांत फोन करून खरंच जा, महिनाभर लावलात तर तुम्हालाही संकोच वाटतो आणि त्यांनाही.

आणि दिवाळीत शेजारून फराळाचं ताट येईल, त्यावर क्रोशाचा रुमाल झाकलेला असेल. ते ताट धुवून रिकामं परत करायचं नाही. तुमच्या गावचं काही असेल तर ते घाला, मी पहिल्या वर्षी आईने पाठवलेले अनारसे घातले होते, आणि घरात काहीच नसेल तर वाटीभर साखर ठेवून, रुमाल तसाच झाकून, स्वतः नेऊन द्या.